रानेझाच्या पंपाने राखलेले पाणी

मित्रांनो, माझे पोट ओतीव लोखंडाचे आहे, त्यातला पंखा काशाचा आहे आणि समुद्र उचलून जमिनीवर आणणे हा माझा धंदा आहे. मी पंप आहे. वय झाले आहे, रंग तर कधीच उडाला, पण कामातून मी गेलेलो नाही. अल्बेनियातल्या रानेझाच्या मिठागरात, समुद्राकडच्या बांधावर, मी तिरका बसलेला आहे. माझे तोंड खाली समुद्राच्या पाण्यात बुडालेले असते आणि मान बांधावरून आत, तळ्यांकडे वळलेली असते.

माझा जन्म अल्बेनियातला नाही. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश होता तेव्हा तिथल्या एका ओतशाळेत मला घडवले. माझ्या पंख्याची पाती थंड झाल्यावर एका बाईने प्रत्येक पात्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाते स्वच्छ वाजले की ती मान हलवायची. एक पाते बद्द वाजले, तेव्हा तिने ते परत भट्टीत पाठवले. म्हणून मी अजून टिकून आहे असे मला वाटते. पुढे आगगाडी, मग जहाज, आणि दुर्रेस बंदरापासून म्हशींच्या गाड्या, असा प्रवास करून मी रानेझाला आलो. माझे पाय काँक्रीटमध्ये पुरले गेले. तेव्हापासून मी कुठेही गेलेलो नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. जहाजाचा पंखा पाण्यात फिरतो, पाणी मागे सरते आणि जहाज पुढे जाते. माझ्या पोटात तसाच पंखा आहे. पण मला बांधाला जखडून ठेवले आहे, मी पुढे जाऊ शकत नाही. म्हणून पाणीच जाते. ते माझ्या तोंडातून शिरते, मानेतून वर चढते आणि पहिल्या मोठ्या तळ्यात पडते. तिथे ऊन आणि वारा त्याला आटवतात. मग ते दुसऱ्या तळ्यात, तिसऱ्यात, आणि शेवटी इतके खारट होते की वाफ्यांमध्ये त्याचे मीठ धरते.

मी एकटा नव्हतो. मिठागरात आम्हा पंपांचे मोठे कुटुंब होते. त्या कुटुंबाची ओळख मला स्वतःला झाली ती उस्ताद थोमांच्या तोंडून, विटोरे पहिल्यांदा कामावर आली त्या दिवशी.

उस्ताद थोमा आमचे मुख्य मेकॅनिक. जाडजूड, मिशा तेलाने माखलेल्या. विटोरे नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, डोक्याला पांढरा रुमाल, पायात नवऱ्याचे बूट. तिला पंपघरात नेमले होते.

"पोरी, पंप काय करतो?" उस्तादांनी विचारले.

"पाणी ओढतो."

"चूक. कोणताही पंप पाणी ओढत नाही. तो पुढचं पाणी हटवतो. जागा रिकामी झाली की मागचं पाणी आपोआप येतं, बाहेरची हवा त्याला ढकलते. ओढतो म्हणणारे लोक पंप उंच टांगतात आणि मग पाणी का येत नाही म्हणून देवाला शिव्या देतात. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"उंच टांगायचा नाही. आणि देवाचं नाव घ्यायचं नाही."

त्या काळात देवाचे नाव घ्यायला खरोखरच बंदी होती. उस्तादांनी इकडेतिकडे पाहिले आणि मिशीत हसले. त्या क्षणापासून त्यांनी तिला मुलगी मानले.

मग त्यांनी तिला सगळ्यांपुढे फिरवले. पहिला गोगलगाय. त्याचे पोट गोगलगाईच्या शंखासारखे वळलेले होते, म्हणून हे नाव.

"चहाच्या पेल्यात चमचा जोरात फिरव," उस्ताद म्हणाले. "चहा मधे खाली बसतो आणि कडेने वर चढतो. आता पेल्याच्या कडेला भोक पाड. काय होईल?"

"टेबल ओलं होईल."

"झालं. त्या ओल्या टेबलापर्यंत आपण नळी टाकली की गोगलगायीचं काम पूर्ण. हा खारं पाणी शेवटच्या वाफ्यांपर्यंत फेकतो. पण याच्या पोटात हवा शिरली की हा नुसताच फिरतो आणि ओरडतो. म्हणून चालू करण्याआधी याला पाणी पाजायचं."

त्यानंतर बॉयलरच्या खोलीतला दट्ट्याचा पंप. तो पिचकारीसारखा. दट्ट्या मागे गेला की पाणी आत, पुढे आला की बाहेर, आणि आल्या वाटेने परत जाऊ नये म्हणून मध्ये झडपा. तो हळू काम करी, पण माघार घेत नसे. पुढची नळी बंद असली तर नळी फोडायचा. "याच्याशी भांडू नकोस, याला वाट दे," असे उस्ताद सांगत. तेलाच्या खोलीत दातेरी पंप होता. त्याची दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरत आणि दातांच्या फटीत घट्ट तेल भरून पलीकडे नेत. आणि चिखलाच्या खड्ड्याशी बसलेला बेडूक. त्याच्या गळ्याशी रबरी पडदा होता, तो फुगे आणि बसे. वाळू, गाळ, शिंपले, काहीही गिळायला त्याची तक्रार नसे.

शेवटी ते माझ्यापाशी आले. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आणि हा. याला उंचावर चढता येत नाही. दुसऱ्या मजल्यावर एक बादली नेऊन दे म्हटलं तर जमणार नाही. पण कंबरभर उंची सांग, हा अख्खा समुद्र आत आणून ओतेल. याला तीन गोष्टी लागतात. तोंडावरची जाळी साफ पाहिजे, तोंड पाण्याखाली पाहिजे, आणि दांडा सरळ फिरला पाहिजे. हात ठेव इथे. रोज हात ठेव. कान फसतात, तळहात फसत नाही."

विटोरेने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात तेव्हा मऊ होता.

मित्रांनो, पुढची वर्षे मी भरपूर काम केले. फेब्रुवारीत मला चालू करत आणि शरदात मिठाची काढणी झाली की थांबवत. आमचे मीठ चीजला जाई, ऑलिव्हच्या पिंपांना जाई, गाडीचे डबे भरभरून देशभर जाई. एका वर्षी मीठ इतके झाले की गावात बँड वाजला आणि कुणीतरी माझ्या मानेला लाल कापड बांधले. समुद्राचे पाणी लोखंडाला खाते, म्हणून माझ्या अंगावर जस्ताच्या वड्या बसवलेल्या असत. समुद्र आधी जस्त खाई आणि मला सोडून देई. त्या वड्या विटोरे बदलायची. ज्या कड्यात माझा दांडा फिरतो त्याला बुश म्हणतात. माझा बुश दूरच्या देशातल्या एका जड, चिकट लाकडाचा होता आणि समुद्राचे पाणीच त्याचे वंगण होते. पुढे अल्बेनिया आणि माझा जन्मदेश एकमेकांशी बोलेनासे झाले, सुटे भाग येणे बंद झाले. उस्तादांनी राखून ठेवलेला शेवटचा बुश माझ्यात बसवला आणि ते निवृत्त झाले. "आता पोरी, तू आणि हा," एवढेच ते म्हणाले.

मग सरकार पडले. पगार थांबले. लोक होड्यांत बसून इटलीला गेले. मिठागरात एक दिवस घण घेऊन माणसे भंगार गोळा करायला आली. त्यांनी गोगलगायीला फोडले, तो फुटताना झालेला आवाज मी पाण्यातून ऐकला. दातेरी चाके पोत्यात गेली. बेडकाचा रबरी पडदा कुणाच्या तरी छपरावर गेला. माझ्या काशाच्या पंख्यावरही त्यांचा डोळा होता, पण तो पाण्याखाली होता आणि महिना फेब्रुवारीचा होता. विटोरे बांधावर हातात पाना घेऊन उभी होती.

"उतरा ना," ती म्हणाली. "पाणी छान आहे. मी कपडे सांभाळते."

कुणी उतरले नाही.

नंतर मिठागर एका कंपनीने घेतले. तिने काही वर्षे मीठ काढले आणि मग तेही सोडले. बांध उन्हाने तडकू नयेत म्हणून वसंतात मला थोडेफार चालवत, तेवढ्यासाठी विटोरेला ठेवले होते. तिचा नवरा वारला होता, मुलगा इटलीत होता. तो फोनवर म्हणायचा, "आई, सोड ते गंजकं. इकडे ये." ती म्हणायची, "तुझ्या घरात समुद्र आहे का?" आणि विषय बदलायची.

मिठागरात रोहित पक्षी नेहमीच येत. लांब पायांवर उभे राहून, चोच उलटी करून खारट पाण्यातले बारीक किडे गाळून खात. पण ते पाहुणे असत. घर ते दुसऱ्याच देशात करत. त्या वसंतात मात्र एका सकाळी विटोरे सायकलवरून आली आणि पहिल्या तळ्याकडे बघत तशीच उभी राहिली. तळ्याच्या मध्यावर चिखलाचे उंचवटे दिसत होते, उलट्या ठेवलेल्या टोपल्यांसारखे. प्रत्येकावर एक रोहित पाय दुमडून बसला होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "राहायला आले की हे."

रोहितांचे घरटे म्हणजे पाण्यातला चिखलाचा ढिगारा. भोवती पाणी असेपर्यंत अंड्यापर्यंत कुणी पोचत नाही. पाणी आटले की कोल्हे चालत येतात. पाणी वाढले तर ढिगारा विरघळतो. म्हणजे ना कमी, ना जास्त. विटोरेने एक काठी घेतली, तळ्याच्या कडेला रोवली आणि पाण्याच्या पातळीला तिच्यावर खूण केली. मी तयार होतो. असे काम मला पूर्वी कुणी दिले नव्हते, पण पाणी तेच होते आणि समुद्रही तोच.

आणि त्याच आठवड्यात बार्धिल कुलूप घेऊन आला.

बार्धिल कंपनीचा पहारेकरी. त्याची आई पूर्वी माझ्या जाळीवरचे शेवाळ उपसायची. तो पंपघराच्या दारात उभा राहिला. विटोरे माझ्या पाठीवर बसून मोजा विणत होती.

"मावशी, उठा तिथून. मला कुलूप लावायचंय."

"लाव की. मी कुठे दाराला टेकलेय?"

"चेष्टा नको, मावशी. मालकांचा फोन आला. वीज तोडा, पाणी बंद करा म्हणाले. उन्हाळ्यात जमीन कोरडी पाहिजे. लोक बघायला येणार आहेत."

"कसले लोक?"

"बंगले बांधणारे."

"आणि तिकडे ज्यांनी आधीच घरं बांधलीत, त्यांचं काय?"

"त्यांच्याकडे जमिनीचे कागद नाहीत," बार्धिल म्हणाला आणि स्वतःच हसला. विटोरे हसली नाही.

"पाणी आटलं की कोल्ह्यांचे पायसुद्धा भिजणार नाहीत, बार्धिल."

"मावशी, मला दोन पोरं आहेत. ही नोकरी गेली तर मी काय इटलीला पोहत जाऊ?"

तिने मोजा पिशवीत घातला आणि ती उठली. त्याचेही खरे होते. त्याने विजेची पेटी बंद केली आणि तिला कुलूप घातले. माझा पंखा दोन-चार वेळा स्वतःच्याच वेगाने फिरला आणि थांबला. बार्धिल दारापर्यंत गेला आणि मागे न वळता म्हणाला,

"वीज तोडा म्हणाले. ट्रॅक्टरचं काही बोलले नाहीत."

गावात चालणारा ट्रॅक्टर एकाच माणसाकडे होता. विटोरेचा धाकटा दीर लाझेर. तो टरबुजे लावायचा आणि फावल्या वेळात सुतारकाम करायचा. त्या दोघांचे काय बोलणे झाले ते लाझेरने नंतर माझ्यासमोर इतक्यांदा सांगितले की मला पाठ आहे.

"नाही," तिला येताना पाहूनच तो म्हणाला.

"मी अजून तोंडही उघडलं नाही, भावजी."

"वहिनी, तुम्ही एवढ्या उन्हात सायकल मारत शेतावर आलात, आणि येताना बिरेक घेऊन आलात. पालकाचा, वास येतोय. म्हणजे काहीतरी मोठं मागायचंय. नाही."

"बरं. मग बिरेक परत नेते."

"बिरेकानं काय घोडं मारलंय? बसा." पालक भरलेल्या त्या खुसखुशीत पापुद्र्यांचे दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "बोला."

"ट्रॅक्टर."

"गेलं! आणि टरबुजांना पाणी कोण देणार? याच ट्रॅक्टरवर विहिरीचा पंप चालतो."

"सकाळी तुमचा, दुपारनंतर माझा."

"पक्ष्यांसाठी? वहिनी, ते खाता पण येत नाहीत."

"तळं आटलं तर तळाचं मीठ उघडं पडेल. इथे वारा कुठून येतो? समुद्रावरून. मग ते मीठ कुठे बसेल? तुमच्या वेलांवर."

लाझेरने चावणे थांबवले. "ही धमकी आहे का?"

"हवामान आहे," विटोरे म्हणाली.

ट्रॅक्टर आला. आधी माझे पोट साफ करावे लागले. शिंपले खरवडून काढले, आणि मानेत राहणारी एक जाडजूड बाम मासळी निघाली. ती माझी चांगली शेजारीण होती, पण लाझेरच्या घरी तिचे कालवण झाले. मग ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याला एक सांध्यांचा दांडा लावून तो माझ्या दांड्याला जोडला. ट्रॅक्टरने पहिला आचका दिला तेव्हा मला वाटले माझी मान तुटणार. मग ताल जमला. पाणी चढले. विटोरेच्या काठीवरची ओली रेघ हळूहळू खुणेपाशी आली आणि तिथे थांबली.

त्यानंतर आमचा दिवस ठरून गेला. सकाळी ट्रॅक्टर टरबुजांना, दुपारी मला. दिवसभरात ऊन जेवढे पाणी खाई तेवढे मी संध्याकाळपर्यंत परत आणून टाकत असे. विटोरे जाळी साफ करायची, काठी बघायची, तळहात ठेवायची. लाझेर ट्रॅक्टरच्या सावलीत पडून गावकऱ्यांचे टोमणे झेलायचा.

"काय लाझेर, बगळ्यांची शेती कशी चाललीय?"

"झकास. पुढच्या वर्षी गाढवं पेरणार आहे, बी घेऊन ये तुझ्या घरचं."

अंडी फुटली. करड्या रंगाची, कापसाच्या बोळ्यासारखी पिल्ले ढिगाऱ्यांवर दिसू लागली. आता ती पायांवर पक्की होईपर्यंत पाणी राखायचे होते. आणि नेमक्या तेव्हाच, जूनच्या आगीत, माझा बुश गेला.

तो किती जुना होता हे तुम्हाला मी सांगितलेच आहे. लाकूड झिजून झिजून कागदासारखे झाले होते. माझा दांडा डुलू लागला. पात्यांची टोके पोटाच्या भिंतीला घासू लागली. विटोरेने हात ठेवला आणि लगेच ओरडली,

"बंद! बंद करा भावजी!"

"अहो, चांगला चालतोय की! पाणी येतंय!"

"बंद करा म्हणते ना!"

मित्रांनो, तिने तेव्हा थांबवले नसते तर माझी पाती तुटून पडली असती आणि ही गोष्ट सांगायला मी उरलो नसतो.

पहिल्यांदा त्यांनी जुन्या टायरचे रबर कापून घातले. ते संध्याकाळपर्यंत फाटून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी काठीवरची ओली रेघ खुणेच्या खाली गेली. तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या बाजूने चिखल उघडा पडला. पहाटे विटोरे आली तेव्हा कडेची काही घरटी मोडलेली होती. चिखलात कोल्ह्याचे पाय स्पष्ट उमटले होते, सरळ रेषेत, घाई नसलेल्या पाहुण्यासारखे. ती माझ्यापाशी येऊन बसली. विणकाम पिशवीतच राहिले. मी तिला कितीतरी वर्षे ओळखतो, पण रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मला माझ्या पायांचा राग आला. काँक्रीटमध्ये रुतलेल्याने काय करायचे? माझ्या समोर समुद्र होता, मागे तळे होते, मध्ये फक्त कंबरभर उंची होती, आणि मी नुसता बसून होतो.

"कोणतं लाकूड पाहिजे?" लाझेर मागून म्हणाला. तो कधी आला ते कुणालाच कळले नव्हते.

"कठीण," विटोरे डोळे पुसत म्हणाली. "गाठीचं. स्वतःचं तेल असलेलं. पाण्यात फुगून फुटणार नाही असं. आणि वाळलेलं, भावजी, ओलं नाही."

लाझेरने झिजलेल्या बुशाच्या तुकड्यावर अंगठा फिरवला.

"ऑलिव्हचं चालेल? बुंध्याचं?"

"तुमच्याकडे वाळलेलं ऑलिव्ह कुठलं?"

"आहे. बापाच्या हातचं झाड पडलं होतं, त्याचा बुंधा. बरीच वर्षं सावलीत ठेवलाय."

विटोरेला ते लाकूड कशासाठी ठेवले आहे ते माहीत होते. लाझेरच्या मुलीला इटलीत बाळ होणार होते, आणि त्या घरातले प्रत्येक मूल आजोबांनी कोरलेल्या पाळण्यात झोपलेले होते.

"नको, भावजी. ते पाळण्याचं आहे."

"तर काय झालं? पाळणा थोडा आखूड होईल. आमच्या घरचं पोर आहे, पाय दुमडून झोपेल." मग तो तळ्याकडे बोट करून म्हणाला, "ते बघा, ते नाही का झोपत?"

त्याने अर्धा बुंधा कापला. लाकडाचे लांबट तुकडे केले आणि पिंपाच्या फळ्यांसारखे गोल जुळवले. पाण्याला वाट मिळावी म्हणून मध्ये खाचा ठेवल्या. विटोरेने मोठ्या पातेल्यात मेंढीची चरबी वितळवून ते त्यात उकळले. सगळ्या बांधावर वास सुटला. तिकडे बार्धिल सकाळ-संध्याकाळ उघड्या पडलेल्या चिखलाच्या कडेने येरझाऱ्या घालत होता, गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याचा डबा. कोल्हा दिसला की तो डबा वाजवायचा. त्याला कुणी सांगितले नव्हते.

"मालकांनी बघितलं तर?" लाझेरने त्याला विचारले.

"सांगेन, जमिनीची राखण करतोय. खोटं आहे का?"

नवा बुश माझ्यात ठोकून बसवला तेव्हा तो घट्ट होता, अनोळखी होता. माझा दांडा त्यात हलायला तयार नव्हता. लाझेर ट्रॅक्टरवर चढला.

"आता एकदम सोडतो. तासाभरात तळं भरून टाकू."

"अजिबात नाही," विटोरे म्हणाली. "जोरात लाट गेली तर ढिगारे वाहतील. आणि लाकूड जळेल. हळू. चालणाऱ्या माणसाइतकं हळू."

"वहिनी, कोल्हा काय हळू येतो?"

"भावजी, हळू."

मी फिरलो. पहिल्यांदा बुशातून धुरासारखा वास आला. मग समुद्राचे पाणी खाचांमधून शिरले आणि लाकूड शांत झाले. मी माझा सगळा जीव त्या संथ फिरण्यात ओतला. डुलायचे नाही, घासायचे नाही, थांबायचे नाही, एवढेच मी ठरवले होते. लाझेरने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही सकाळी ट्रॅक्टर टरबुजांकडे नेला नाही. वेलांनी माना टाकल्या. तो तिकडे बघत नव्हता. पाणी चिखलावर पातळ पसरले, कोल्ह्याच्या पावलांच्या खळग्यांत शिरले, त्यांना पुसून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा काठीवरची ओली रेघ खुणेला टेकली.

विटोरेने माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"कसा आहे?" लाझेरने विचारले.

"सरळ फिरतोय," ती म्हणाली.

पिल्ले मोठी झाली. ढिगाऱ्यांवरून उतरून ती सगळी एका घोळक्याने पाण्यात चालू लागली, शाळा सुटल्यासारखी. मागे-पुढे दोन-चार मोठे रोहित असत. उन्हाळा सरताना त्यांनी पंख मारून बघितले, आणि एका सकाळी तळे रिकामे होते. कडेच्या घरट्यांतली काही पिल्ले वाचली नाहीत, हे मला सांगितलेच पाहिजे. बाकीची गेली, आपल्या पंखांनी.

लाझेरची टरबुजे त्या वर्षी डोक्याएवढीसुद्धा झाली नाहीत. बाजारात कुणी विचारले की तो म्हणायचा, "यंदा मी उडणारं पीक घेतलं." पाळणा खरोखर आखूड झाला. बाळ आले, त्यात झोपले, आणि आजोबांनी म्हटल्याप्रमाणे त्याने पाय दुमडले. बंगले बांधणारे आले होते, पण त्यांच्या आधी पिल्लांची बातमी राजधानी तिरानात पोचली होती. तिरानाहून सरकारी माणसे येऊन तळी पाहून गेली आणि जमिनीची विक्री थांबली. कायमची की तात्पुरती, ते मला माहीत नाही. बार्धिलची नोकरी टिकली. वीज मात्र अजून आलेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझे भाऊबंद आहेत. नळाला पाणी येते त्याच्या मागे कुणीतरी गोगलगाय फिरत असतो. दवाखान्यात, साखर कारखान्यात, रस्त्याखालच्या गटारात आमच्यापैकी कुणी ना कुणी अंधारात उभा असतो. आम्ही दिसत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणून कधीतरी थांबून ऐका. जाळीवर कचरा साचला असेल तर काढा. आम्हाला कोरडे फिरवू नका. आवाज बदलला तर पाणी येतंय म्हणून दामटू नका, थांबवा, हात लावून बघा. आम्ही जुने झालो म्हणजे संपलो असे नाही. झिजलेला तुकडा बदला, आम्ही पुन्हा उभे राहतो.

यंदाही फेब्रुवारीत विटोरे आली. आता सायकलवरून उतरताना तिचे गुडघे कुरकुरतात. तिने जाळी साफ केली, नवी काठी रोवली. दुपारी लाझेरचा ट्रॅक्टर येतोच. तळ्यात रोहित उतरले आहेत. आज दिवसभर ऊन कडक होते, वाराही होता. उद्या सकाळी पाणी बोटभर कमी झालेले असेल, आणि ते मला परत आणायचे आहे.